नागपूरहून विमानाने माल पाठवायचा असेल तर

वर्धा रोडवर माझं कार्गो बुकिंगचं ऑफिस आहे. बुटीबोरीचे कारखानदार, सावनेरकडची भाजीपाल्याची शेतकरी कंपनी, चंद्रपूरकडून बांबूचे दिवे आणणारा बायकांचा बचत गट, असे नाना तऱ्हेचे लोक माझ्याकडे येतात. पहिल्यांदा येणारा जवळपास प्रत्येक जण मनात एक गोष्ट धरून येतो. नागपूर देशाच्या मधोमध, झिरो माईल इथं, म्हणजे विमानाने माल पाठवणं इथून सोपं असणार. सोपं करता येतं, पण नकाशा बाजूला ठेवून. विमान कोणाच्या सांगण्यावरून येतं, त्यात जागा कोणाची असते आणि आपली पेटी कोणत्या टप्प्यावर कोणाच्या ताब्यात असते, हे एकदा कळलं की अर्धे पैसे आणि बहुतेक मनस्ताप वाचतो. म्हणून दर आणि कागदांच्या आधी ते सांगते.

कोण काय चालवतं

सोनेगावच्या विमानतळाकडे बाहेरून बघितलं तर सगळं एकच वाटतं. आत मात्र निदान तीन वेगळे व्यवहार चालतात. पहिला विमानतळाचा. आपला विमानतळ मिहान इंडिया लिमिटेड या कंपनीकडे आला. त्यात महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीचा वाटा ५१ टक्के आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा ४९ टक्के. पुढे खासगीकरणाची निविदा जीएमआर या विमानतळ चालवणाऱ्या खासगी कंपनीने २०१९ मध्ये जिंकली, ती रद्द झाली, प्रकरण कोर्टात गेलं, मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जीएमआरच्या बाजूने निकाल दिला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये शेवटची क्युरेटिव्ह याचिकाही निकालात निघाली. आपल्या दृष्टीने यात महत्त्वाचं एवढंच की धावपट्टी, शेड, कोल्ड रूम यांवर पैसा कोणी घालायचा हा निर्णय इतकी वर्षं लोंबकळत राहिला.

दुसरा व्यवहार कार्गो टर्मिनलचा. माल घेणं, वजन करणं, एक्स-रे, गोदामात ठेवणं, विमानापर्यंत नेणं. हे काम कुठे विमानतळ स्वतः करतो, कुठे नेमलेली कंपनी करते. तिसरा व्यवहार विमान कंपनीचा. विमानातली जागा तिची, भाडं तिचं. कस्टम आणि सुरक्षा तपासणीचे सरकारी नियम या तिघांच्याही वर.

आता यांच्यात पैसा कसा फिरतो ते बघा. विमान कंपनी विमानतळाला उतरण्याचं शुल्क देते, ते विमानाच्या वजनावर ठरतं. शिवाय पार्किंगचं शुल्क. टर्मिनल चालवणारा माल पाठवणाऱ्याकडून हाताळणीचे पैसे घेतो आणि त्यातला हिस्सा विमानतळाला देतो. म्हणजे माल वाढला तर विमानतळाचा फायदा आहे, आणि नवीन विमानाला काही काळ शुल्कात सूट देणं त्याच्या हातात असतं. पण विमान पाठव असा हुकूम विमानतळ कोणत्याही कंपनीला देऊ शकत नाही. कंपनी तिचा हिशेब करते, आणि तो हिशेब नेहमी दोन्ही बाजूंचा असतो. इथून दहा टन भेंडी निघाली, पण येताना विमान रिकामं आलं, तर त्या रिकाम्या फेरीचं भाडंही भेंडीवरच बसतं. नागपूरला परदेशातून उतरणारा माल थोडा, म्हणून निव्वळ मालवाहू विमानाचं गणित इथं अवघड जातं.

शेडमध्ये माल भिजला, तर विमान कंपनीला फोन करून वेळ घालवू नका, टर्मिनलच्या ड्यूटी मॅनेजरला गाठा. माल शेडमध्ये व्यवस्थित आहे पण विमानात चढला नाही, तर प्रश्न विमान कंपनीच्या कार्गो विभागाचा. कोल्ड रूमच नाही किंवा अपुरी आहे, ही तक्रार विमानतळ चालवणाऱ्याकडे. चुकीच्या खिडकीवर भांडून संध्याकाळ घालवलेले लोक मी रोज बघते, आणि तेवढ्यात विमान निघून जातं.

सोनेगावची रात्रीची टपाल

हे थोडं बाजूला जाऊन सांगते, कारण पुढच्या सगळ्या सल्ल्याचं मूळ इथं आहे. १९४९ मध्ये नागपूरहून रात्रीची हवाई टपाल सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून विमानं रात्री निघायची, मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला जमायची, टपालाच्या थैल्या एकमेकांत बदलायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत. मुंबईतलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात. अमेरिकेत फेडेक्सने मेम्फिसला असंच केंद्र करून काम सुरू केलं ते १९७३ मध्ये. तीच पद्धत सोनेगावच्या धावपट्टीवर आपल्या लोकांनी चोवीस वर्षं आधी चालवून दाखवली होती, आणि मला त्याचा फार अभिमान आहे.

ती चालली ती केवळ नागपूर मधोमध होतं म्हणून नव्हे. त्याच वर्षी एप्रिलपासून टपाल खात्याने देशातली पत्रं जादा आकार न लावता विमानाने पाठवायला सुरुवात केली. रोज रात्री, चारही बाजूंनी, ठरलेला भार. विमानाला जाताना आणि येताना दोन्ही वेळा थैल्या मिळत होत्या. मिहान या आपल्या नागपूरच्या प्रकल्पाच्या नावातच मल्टी-मोडल इंटरनॅशनल कार्गो हब आहे, आणि त्या नावाला लागणारी जागा, धावपट्टी, रस्ते यातलं बरंच काही इथं आलं. रोजचा, दोन्ही बाजूंचा, ठरलेला भार मात्र अजून तयार व्हायचा आहे, आणि तो तुमच्या-माझ्यासारख्या लोकांच्या पेट्यांमधूनच होणार आहे.

आपल्याकडे जागा कुठली असते

नागपूरहून जाणारा बहुतेक माल प्रवासी विमानाच्या पोटातून जातो. याला बेली कार्गो म्हणतात. देशात दिल्ली, मुंबई, बंगळुरू वगैरे ठिकाणी जाणारी ए३२० जातीची विमानं आणि काही मार्गांवर छोटी एटीआर. परदेशात म्हणाल तर आखाताची वाट, शारजा आणि दोहा. तिथून पुढे युरोप-अमेरिकेसाठी माल दुसऱ्या विमानात चढतो.

ए३२० च्या खालच्या कप्प्याची उंची जेमतेम सव्वा मीटर आहे. म्हणून एक मीटरपेक्षा उंच पेटी बांधूच नका, आणि एका नगाचं वजन दोन माणसांना उचलता येईल एवढंच ठेवा. एटीआरमध्ये तर याहून कमी. एका कारखान्याचा उभा क्रेट माझ्याकडे आला होता. माल उत्तम, कागद पक्के, पण उंची जास्त. तोच क्रेट आडवा करून बांधता आला असता, कारण आतलं मशीन आडवं ठेवायला चालत होतं. क्रेट बनवायच्या आधी विमान कोणतं ते विचारा, सुताराला मापं नंतर द्या.

आणखी एक गोष्ट. विमान कंपन्यांचं वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. त्या वेळी उड्डाणाची वेळच नाही, विमानाची जातही बदलू शकते. ए३२१ च्या जागी एटीआर आलं की तुमची रोजची सहाशे किलोची सवय त्या दिवशी बंद. या दोन तारखांच्या आधी पंधरा दिवस नवीन वेळापत्रक मागून घ्या.

पूर्ण मालवाहू विमान मागवावं का, असंही काही जण विचारतात. मोठा मोसमी माल असेल तर चार्टरचा विचार होतो, पण एक नियम लक्षात ठेवा. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने परदेशी कंपन्यांच्या ठरलेल्या वेळापत्रकाबाहेरच्या मालवाहू विमानांना सहाच विमानतळांपुरतं ठेवलं: दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू आणि हैदराबाद. नागपूर त्यात नव्हतं. भारतीय कंपन्यांना ही अट नाही. इंडिगोकडे ए३२१ ची मालवाहू विमानं आहेत, एका वेळी सुमारे २७ टन नेतात. तेव्हा एजंट परदेशी चार्टर आणतो म्हणाला, तर आधी विचारा की परवानगी कोणत्या विमानतळाची आहे.

काय पाठवावं, काय नाही

संत्र्याबद्दल सगळ्यांना वाटतं. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, काटोल-नरखेड-वरुडचा माल जगात जावा असं मलाही मनापासून वाटतं. पण संत्रा जड आणि किलोमागे भाव थोडा. शिवाय नीट तोडला, मेण लावून थंड ठेवला तर काही आठवडे टिकतो. अशा फळाला विमान परवडत नाही, त्याची वाट ट्रकची आणि जहाजाची. परदेशी गिऱ्हाइकाला नमुन्याच्या चार पेट्या पाठवायच्या असतील तर जरूर विमानाने पाठवा. ऑर्डर आली की कंटेनर.

विमानाला साजेसा माल म्हणजे दोन-तीन दिवसांत कोमेजणारा, नाहीतर किलोमागे भरपूर किमतीचा, नाहीतर वेळेवर पोचला नाही तर नुकसान करणारा. भेंडी, हिरवी मिरची, शेवगा, कढीपत्ता. औषधं. बंद पडलेल्या मशीनचा सुटा भाग. प्रदर्शनाचे नमुने. हस्तकलेची महाग वस्तू.

बॅटरीबद्दल मात्र गंभीरपणे ऐका. लिथियम-आयनच्या सुट्या बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून न्यायला एप्रिल २०१६ पासून जगभर बंदी आहे. आपल्याकडे प्रवासी विमानच आहे, त्यामुळे सुट्या बॅटऱ्या नागपूरहून विमानाने जवळपास जातच नाहीत, असं धरून चला. यंत्राच्या आत किंवा यंत्रासोबत असलेल्या बॅटरीला वेगळे नियम, वेगळं लेबल. अत्तर, रंग, चिकटद्रव्यं, मोठी लोहचुंबकं यांनाही धोकादायक मालाचे नियम लागतात. लपवून पाठवू नका. वर दीडशे माणसं बसलेली असतात.

वजन म्हणजे नेमकं कोणतं वजन

पैसे इथं वाचतात, म्हणून जरा सावकाश.

विमान कंपनी दोन वजनं बघते. एक काट्यावरचं. दुसरं आकारमानाचं: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ६००० ने भागायचं. उत्तर किलोमध्ये येतं. दोन्हीतलं जे जास्त, त्यावर भाडं. कुरिअरवाले बहुधा ५००० ने भागतात, म्हणजे त्यांच्याकडे हाच नग आणखी जड ठरतो.

बचत गटाच्या बायकांनी बांबूचे दिवे आणले तेव्हा बारा खोकी होती, प्रत्येक ६० बाय ५० बाय ४० ची, आणि आत एकेक थर कागदात गुंडाळून ठेवलेला. खोकं काट्यावर सात किलो. मापाने २० किलो. म्हणजे माल ८४ किलोचा आणि भाडं २४० किलोचं. "ताई, यात तं आमचा नफाच गेला," असं त्यांच्यातली एक जण म्हणाली, आणि ते खरंच होतं. आम्ही ऑफिसच्या जमिनीवर सगळे दिवे काढले. तीन आकारांचे होते. लहान दिवा मधल्यात, मधला मोठ्यात, प्रत्येकाच्या मध्ये फुग्यांच्या प्लास्टिकची एकच घडी, तोंडाशी कोपरे दाबू नयेत म्हणून पुठ्ठ्याची कडी. तार आणि होल्डर वेगळ्या चपट्या पुड्यांत तळाशी. बाराच्या जागी पाच खोकी भरली. मापाने १०० किलो झाले, काट्यावर थोडे कमी. २४० वरून १००. आता त्या गावातच दिवे आकाराप्रमाणे जोडीने बांधतात, आणि विणतानाच तीन आकार एकमेकांत बसतील असे साचे ठेवतात.

जड मालवाल्याचं उलट असतं. बुटीबोरीचे लोखंडी भाग काट्यावर ३०० किलो, मापाने ६० किलो. दिव्यांसारखा दुसरा माल काट्यावर १०० आणि मापाने ३०० किलो. दोघांनी वेगवेगळं पाठवलं तर भाडं ६०० किलोचं. एकाच मास्टर एअरवे बिलावर, म्हणजे विमान कंपनीच्या एकाच पावतीवर, एकत्र गेलं तर काट्यावर ४००, मापाने ३६०, भाडं ४०० किलोचं. एजंटची कमाई बऱ्याचदा याच दोनशे किलोत असते. त्यात काही वाईट नाही, आमचं पोट त्यावर आहे, पण तुमचा माल नेहमीचा असेल तर त्यातला वाटा हक्काने मागा.

दराचे टप्पे असतात. किमान आकार, मग ४५ किलोच्या आत, ४५ च्या वर, १०० च्या वर, ३००, ५०० असे. वरच्या टप्प्यात किलोचा दर उतरतो. समजा ४५ च्या वर ६० रुपये आणि १०० च्या वर ५० रुपये आहेत आणि तुमचा माल ८८ किलो. ८८ गुणिले ६० म्हणजे ५,२८० रुपये. पण १०० किलो समजून लावलं तर ५,००० रुपये. १०० किलोचं भाडं भरायला नियमाने पूर्ण मुभा आहे. या दरांत ८४ च्या पुढचं वजन असेल तर बिलावर हे तपासाच.

दर विचारताना एकच आकडा घेऊन उठू नका. इंधन अधिभार, सुरक्षा अधिभार, एक्स-रे, टर्मिनलची हाताळणी, एअरवे बिलाची फी, सगळं लिहून घ्या. निर्यातीच्या हवाई भाड्यावरची जीएसटीची माफी ३० सप्टेंबर २०२२ ला संपली, आता १८ टक्के लागतो. एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र) भरून निर्यात करत असाल तर त्याचा परतावा मागता येतो, तुमच्या सीएला आठवण करा.

कागद

थोडक्यात सांगते, कारण इथं सीएचए, म्हणजे कस्टमचं काम करून देणारा एजंट, लागतोच. आयईसी (आयात-निर्यातीचा कोड नंबर), निर्यातीचे पैसे घेणाऱ्या बँकेचा एडी कोड कस्टमच्या आइसगेट या वेबसाइटवर नोंदवलेला, एलयूटी, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट. भाजी-फळांना अपेडाची (शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेची) नोंदणी आणि फायटोसॅनिटरी, म्हणजे कीड-रोग नसल्याचं, सर्टिफिकेट. लाकडी पेटी असेल तर उष्णतेची प्रक्रिया केल्याचा आयएसपीएम-१५ चा शिक्का लाकडावरच हवा, कागदावर असून चालत नाही. शिपिंग बिल (निर्यातीचा कस्टमकडचा अर्ज) भरल्यावर कस्टम लेट एक्सपोर्ट ऑर्डर, म्हणजे माल बाहेर जाऊ देण्याची परवानगी, देतं, त्याशिवाय माल विमानाजवळ जात नाही. देशांतर्गत मालाला ५० हजारांच्या वर परराज्यात जाताना ई-वे बिल.

एडी कोडची नोंदणी पहिल्या वेळी रखडते. माल तयार व्हायच्या आधी करा.

बुकिंग, आणि ऑफलोड न होण्यासाठी

एअरवे बिलाचा नंबर ११ आकडी असतो. पहिले तीन आकडे विमान कंपनीचे. एअर इंडियाचे ०९८, इंडिगोचे ३१२, कतार एअरवेजचे १५७, एमिरेट्सचे १७६. पुढचे सात अनुक्रमांक आणि शेवटचा तपासणीचा. सात आकड्यांना ७ ने भागून जी बाकी उरते तोच शेवटचा आकडा. १२३४५६७ ला भागलं तर बाकी ५, म्हणून नंबर १२३४५६७५. कोणी फोनवर नंबर सांगितला आणि बाकी जुळली नाही, तर तिथंच पुन्हा विचारा.

ट्रॅकिंगवर इंग्रजी अक्षरं दिसतात, त्यातली तीन पाठ करा. बीकेडी म्हणजे फक्त बुकिंग झालंय. लोक त्यावरच निर्धास्त होतात. आरसीएस म्हणजे विमान कंपनीने माल तपासून ताब्यात घेतला, जबाबदारी आता तिची. डीईपी म्हणजे खरोखर उडाला. बीकेडीवर गिऱ्हाइकाला "माल निघाला" असं कळवू नका.

प्रवासी विमानात पहिला मान प्रवाशांच्या सामानाचा. लग्नसराईत, सुट्ट्यांत, शारजाच्या विमानात सामान भरभरून येतं आणि तुमचा माल मागे राहतो. याला ऑफलोड म्हणतात. पूर्ण टाळता येत नाही, कमी करता येतो. नाशवंत माल नाशवंत म्हणूनच बुक करा, साध्या दराच्या मोहात जनरल म्हणून नको. जनरल माल आधी उतरवतात. कटऑफच्या, म्हणजे माल घेण्याच्या शेवटच्या वेळेच्या, पुष्कळ आधी माल आत असू द्या. एकाच मोठ्या नगाऐवजी मध्यम आकाराचे नग ठेवा, म्हणजे जागा कमी पडली तरी काही तरी जातं. मात्र भाग-भाग गेलेलं चालणार नसेल तर बुकिंगमध्येच तसं लिहून द्या.

मे महिन्यात आपल्याकडे आणखी एक कारण येतं. दुपारी पारा ४५ च्या पलीकडे जातो. तापलेली हवा विरळ असते, पंखांना आधार कमी मिळतो, इंजिनाचाही जोर उतरतो, त्यामुळे त्याच धावपट्टीवरून विमानाला कमी वजन घेऊनच उडावं लागतं. प्रवासी उतरवता येत नाहीत, म्हणून उतरतो तो माल. एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत दुपारी बारा ते संध्याकाळी पाचच्या विमानात बुकिंग करू नका. रात्रीचं किंवा पहाटेचं घ्या. आणि माल विमानाशेजारी उघड्यावर किती वेळ राहतो ते विचारा. ट्रॉलीवर भेंडीच्या पेट्या उन्हात वीस मिनिटं राहिल्या तर वरच्या थराची देठं काळी पडतात, खालचा थर मात्र हिरवागार असतो. गिऱ्हाईक पेटी उघडतो तेव्हा त्याला वरचाच थर दिसतो. म्हणून वरच्या पेट्यांवर चांदीच्या रंगाचं थर्मल आवरण, आत जेलच्या पिशव्या, आणि पेटीला हवेची भोकं बाजूला ठेवा, वर नको.

एकदा माझ्या एका गिऱ्हाइकाचा भाजीपाला एका कंपनीने विमानातून उतरवला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कोणाला कळवलंच नाही. तेव्हापासून विमान सुटण्याच्या वेळेनंतर अर्ध्या तासात आम्ही स्वतः फोन करतो, आणि शेडच्या ड्यूटीवरच्या माणसाचा नंबर बुकिंगच्या वेळीच घेतो. तुम्हीही घ्या.

मुंबईहून का नाही?

हा प्रश्न रास्त आहे. युरोप-अमेरिकेच्या मोठ्या मालाला मुंबईत विमानं जास्त, स्पर्धा जास्त, दर उतरलेला. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला, त्यामुळे ट्रक आता बराच लवकर पोचतो. तीन वाटा आहेत. नागपूरला कस्टम करून आखातमार्गे. नागपूरला कस्टम करून सीलबंद बाँडेड (कस्टमच्या देखरेखीतल्या) ट्रकने मुंबई आणि तिथून विमान. किंवा साध्या ट्रकने मुंबईला नेऊन तिथंच सगळं.

दोनशे-तीनशे किलोपर्यंतचा किंवा आखातात जाणारा माल असेल तर मी नागपूरच सुचवते. तपासणीला माल उघडला तर तुम्ही स्वतः तासाभरात हजर राहू शकता, मुंबईत गर्दीत तुमच्या चार पेट्यांकडे बघायला कोणी नसतं. दोन टनांच्या वर आणि युरोपचा माल असेल तर बाँडेड ट्रकचा दर जरूर घ्या. या वाटेत कस्टम नागपूरलाच होतं, म्हणजे तो माल नागपूरच्या नावावर नोंदला जातो. तिसरी वाट निवडली की तो मुंबईचा होतो, आणि विदर्भातून किती माल निघतो हे कोणत्याच विमान कंपनीला दिसत नाही.

नुकसान झालं तर

आंतरराष्ट्रीय मालाला माँट्रियल करार लागू होतो. माल खराब निघाला तर मिळाल्यापासून १४ दिवसांत लेखी तक्रार, उशीर झाला तर २१ दिवसांत, आणि दावा दोन वर्षांच्या आत. डिलिव्हरी घेणाऱ्याने पावतीवर सही करतानाच "पेटी फुटलेली", "ओली" असा शेरा मारायला हवा, हे त्याला आधीच सांगून ठेवा. करारातली भरपाईची मर्यादा किलोमागे ठरते, डिसेंबर २०२४ पासून २६ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक). तुमचा माल त्याहून महाग असेल तर विमा वेगळा काढा.

ठरलेली जागा मिळवायची असेल तर

दर आठवड्याला माल जाणार असेल तर प्रत्येक वेळी नवीन बुकिंगसाठी धावू नका. विमान कंपनीच्या कार्गो मॅनेजरकडून कायम जागा मागा, याला अलॉटमेंट म्हणतात. एकट्याचा माल पुरत नसेल तर शेजारच्या दोघा-तिघांना घ्या. सावनेरच्या कंपनीने शेजारच्या तालुक्यातल्या गटाला घेतलं तेव्हा त्यांचा भार दोन ठरलेल्या दिवशी पक्का झाला, आणि किलोचा दर आपोआप उतरला.

पत्र साधं, एका पानाचं लिहा. कोणता माल, कुठे जाणार, आठवड्याचे कोणते वार, प्रत्येक वारी काट्यावर किती आणि मापाने किती किलो, कोणते महिने, थंड ठेवायला लागतं का. मागच्या मोसमात प्रत्यक्ष गेलेल्या मालाची एअरवे बिलं जोडा. परत येताना इथं कोण काय मागवतो, ते माहीत असेल तर तेही लिहा. बुटीबोरी-हिंगण्यात कोणाला परदेशातून सुटे भाग येतात, कोणाला रसायनं, हे विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशनमध्ये विचारलं की कळतं, आणि कार्गो मॅनेजर ती ओळ सगळ्यात आधी वाचतो. एक प्रत विमानतळ चालवणाऱ्यांच्या कार्गो विभागाला द्या, कारण शेड आणि कोल्ड रूमची मागणी त्यांच्याकडे कागदावर असावी लागते. हिवाळी वेळापत्रकासाठी हे पत्र ऑगस्टमध्ये गेलं पाहिजे, उन्हाळीसाठी जानेवारीत. जागा मिळाली की ठरल्याइतका माल द्याच, आणि एखाद्या आठवड्यात कमी पडणार असेल तर दोन दिवस आधी कळवून जागा सोडा.